धर्मसत्तेच्या राज्यातली गुप्त क्रांती लिहिताय? मग या चुका टाळा

काल्पनिक राज्य, वर देवाच्या नावाने राज्य करणारा धर्मगुरू, खाली सरदार, त्यांच्याखाली वेठबिगारीत पिचलेली कुळं, आणि तळघरात खुसुरफुसुर करणारे पाच-सहा बंडखोर. सेटअप मस्त आहे, पण बऱ्याच ड्राफ्ट्समध्ये मध्यावर गोष्ट गंडते, कारण चळवळ वाढते कशी हेच लेखकाने ठरवलेलं नसतं. आत्ता पाच जण होते आणि पुढच्या प्रकरणात डायरेक्ट फौज.

बंडखोर सगळे नास्तिक

ही सगळ्यात मोठी चूक. जिथे जन्म, लग्न, मरण, शेतसारा सगळं धर्मपीठाच्या हातात आहे तिथला शेतकरी एकदम आजच्या माणसासारखा "देव वगैरे काही नसतं" कसा म्हणेल? तो म्हणेल की देव खरा आहे, हे वरचे लोक खोटे आहेत. 1502 मध्ये जर्मनीत श्पायरच्या बिशपच्या राज्यात, म्हणजे जिथे बिशपच राजा होता तिथे, योस फ्रिट्झ नावाच्या शेतकऱ्याने बुंडशू नावाचा गुप्त कट उभा केला. बुंडशू म्हणजे शेतकऱ्यांचा नाडीवाला जोडा, उमरावांच्या बुटांच्या विरुद्ध, तेच त्यांचं निशाण. या कटातल्या प्रत्येकाने रोज गुडघे टेकून पाच वेळा प्रार्थना म्हणायची असा नियम होता, आणि परवलीच्या वाक्याचं उत्तर साधारण असं होतं की या पाद्र्यांच्या तावडीतून आमची काही सुटका होत नाही. भक्ती आणि चीड एकाच तोंडात! असं एखादं वाक्य तुमच्या कॅरेक्टरला द्या, पानभर भाषण लिहायचं वाचतं.

मागण्यासुद्धा तशाच लिहा. 1525 च्या जर्मन शेतकरी बंडातली बारा कलमं बघा, बाजूला बायबलचे दाखले देऊन छापलेली. पहिलीच मागणी काय, तर आमचा पाद्री आम्ही निवडणार. धान्याचा दशांश कर द्यायला तयार आहेत, फक्त तो गावाच्या ताब्यात राहिला पाहिजे. शेवटी तर म्हणतात की यातलं काही धर्मग्रंथाच्या विरुद्ध निघालं तर आम्ही मागे घेऊ. तुमच्या गोष्टीतले बंडखोर जर पहिल्याच दिवशी लोकशाही आणि समान हक्क मागत असतील तर तिथेच थांबा आणि त्यांना कोणता कर टोचतोय ते आधी लिहा.

चळवळ गुप्तपण आणि सगळ्यांना माहीतपण

इथे गणित करा. एकाने दोघांना आणायचं, त्या दोघांनी प्रत्येकी दोघांना, अशा दहा पायऱ्यांनंतर एकूण 2047 माणसं होतात, कागदावर. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला कोणी घाबरतं, कोणी मरतं, कोणी दुसऱ्या गावाला जातं. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध 1892 साली सुरू झालेल्या कातिपुनान या गुप्त संघटनेनेही सुरुवातीला अशी त्रिकोणी साखळी वापरली, पण ती फार स्लो आणि किचकट पडली म्हणून सोडून दिली. म्हणजे कोंडी अशी की सुरक्षित राहायचं तर वाढ हळू, आणि वेगाने वाढायचं तर भरवसा कमी. गोष्टीतला अर्धा ताण इथेच फुकट मिळतो आणि लेखक तो सोडून तलवारबाजीकडे पळतात.

माणसं भेटणार कुठे हेपण ठरवा, कारण कूळ जमीन सोडून फिरायला लागलं तर लगेच डोळ्यात येतं, पण यात्रेकरू, भिकारी, फेरीवाले, गाडीवाले यांना कोणी विचारत नाही. योस फ्रिट्झनेही पुढे निरोपांसाठी भिकारी वापरले.

फितूर म्हणजे लोभी खलनायक

पैशाची थैली घेऊन हसणारा फितूर आता पुरे. धर्मसत्तेकडे त्याहून भारी हत्यार असतं, कन्फेशन, म्हणजे पाद्र्याजवळ आपल्या पापांची कबुली देणं. 1502 चा कट फुटला तो त्यातल्याच एकाने कन्फेशनमध्ये सांगितल्यामुळे. आणि 1896 च्या ऑगस्टमध्ये मनिलातल्या प्रेसमध्ये काम करणाऱ्या कातिपुनानच्या एका सदस्याने बहिणीला सांगितलं, बहीण रडत ननकडे, आणि प्रकरण थेट फादर मारियानो हिल यांच्यापर्यंत. कोणी वाईट नाही, सगळे आपापल्या परीने आत्मा वाचवतायत, आणि शेकडो लोक तुरुंगात! तुमच्या जगात कन्फेशन नसेल तर त्याच्यासारखं काहीतरी ठेवा, नाहीतर धर्मसत्ता फक्त झेंड्यावरचं चिन्ह राहते.

बरं, कट फुटला म्हणजे गोष्ट संपली असंपण नाही. फ्रिट्झ तेव्हा निसटला, 1513 ला पुन्हा कट, पुन्हा फुटला, पुन्हा निसटला, 1517 ला तिसऱ्यांदा तेच.

वरचे सगळे एकाच बाजूला

सरदार आणि धर्मपीठ यांचं पटतंच असं का धरायचं? 1415 मध्ये चर्चवर टीका करणाऱ्या यान हुसला जाळल्यावर बोहेमिया-मोराव्हियाच्या (आजचं चेक प्रजासत्ताक) 452 उमरावांनी निषेधपत्रावर शिक्के मारले. त्यात श्रद्धा होती, अपमान होता, आणि पुढे चर्चच्या जमिनी हाताला लागल्या तो भाग वेगळाच. हुस स्वतः पाद्री, इंग्लंडच्या 1381 च्या बंडातला जॉन बॉलपण पाद्रीच. गरीब धर्मसेवक, ज्याला वाचता येतं आणि जो त्याच गावात उपाशी राहतो, तो चळवळीचा पहिला माणूस असणं जास्त पटतं.

अशा सरदाराला चळवळीत घेतलात तर त्याची किंमत प्लॉटमध्ये आधीच लिहून ठेवा, कारण त्याला जमीन मिळाली की तो थांबणार आणि कुळं थांबणार नाहीत. हुसाइटांमध्ये, म्हणजे हुसच्या अनुयायांमध्ये, 1434 ला लिपानीच्या लढाईत मवाळांनीच जहालांना कापून काढलं.