शेवट घरीच हवा असेल तर तयारी काय करायची

“मला आता दवाखान्यात नेऊ नका,” असं म्हातारं माणूस सांगतं आणि सगळे हो म्हणतात. मग रात्री दोनला श्वास घरघरतो, कोणीतरी घाबरून १०८ लावतं आणि सकाळी ते माणूस व्हेंटिलेटरवर असतं. शब्द मोडायचा कोणाचाच विचार नसतो. त्या रात्री काय करायचं ते ठरलेलं नसतं.

रुग्ण शुद्धीवर असतानाच लिव्हिंग विल करा, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशानंतर ते सोपं झालंय: दोन साक्षीदारांसमोर सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. निर्णय कोण घेणार, त्यांची नावं त्यात हवीत. प्रत फॅमिली डॉक्टरकडे ठेवा. कपाटातला कागद ऐनवेळी सापडत नाही.

दुखण्याची सोय त्याहून महत्त्वाची. मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा मिळत नाही. नागपुरात असाल तर मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), तुकडोजी किंवा जामठ्याच्या कॅन्सर रुग्णालयात आधीच चौकशी करा. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यायची. ‘फार दुखलं तरच देऊ’ म्हणून थांबलात तर दुखणं हाताबाहेर जातं. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवशी लिहून घ्या. गिळणं बंद झाल्यावर काय द्यायचं, हेही आत्ताच विचारा.

दर दोन तासांनी कूस बदला. हवेच्या गादीवर विसंबू नका, मे महिन्यात लाइट गेली की ती बसते. रेक्झिनवर घाम साचून माकडहाड आणि टाचा लाल होतात. वर सुती चादर घाला, लाल जागा चोळू नका. कूलरचा झोत थेट अंगावर नको. ओल्या कापसाने ओठ आणि तोंड वारंवार पुसा.

भूक जाणं हा शेवटचाच भाग आहे. बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. सलाइनचं पाणीही छातीत आणि पायात साचू शकतं. घरघर ऐकवत नाही, पण त्या वेळी रुग्णाला बहुधा शुद्ध नसते. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा.

मृत्यूच्या कारणाचा दाखला रात्री-अपरात्री कोणता डॉक्टर देईल, हे आजच पक्कं करून नंबर फ्रिजवर चिकटवा. घाटावर तो लागतो. महापालिकेत नोंद २१ दिवसांत करायची.