गांजाच्या उत्पादनांचा लॅब रिपोर्ट कसा वाचावा

बहुतेक जण टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचा आकडा पाहतात आणि रिपोर्ट मिटतात. माल किती कडक आहे एवढंच तो आकडा सांगतो. त्यात विषारी काही आहे का, ते खालच्या तक्त्यांत असतं.

सर्वांत आधी पाकिटावरचा बॅच नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवा. एक अक्षर जरी वेगळं असलं, तरी तो रिपोर्ट तुमच्या हातातल्या मालाचा नाही. चाचणीची तारीख आणि लॅबची आयएसओ १७०२५ मान्यता (चाचणी लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) बघा. क्यूआर कोड उत्पादकाच्याच पानावर नेत असेल, तर रिपोर्ट नंबर थेट लॅबकडे पडताळा, कारण पीडीएफमधला आकडा बदलणं सोपं असतं.

कच्च्या फुलात मुख्यतः टीएचसीए, म्हणजे टीएचसीचं आम्लरूप असतं. तापवल्यावर त्याचं टीएचसी होतं, पण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि वजन घटतं. म्हणून एकूण टीएचसी काढताना टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात टीएचसी मिळवायचं. टीएचसीए २० टक्के आणि टीएचसी १ टक्का असेल, तर एकूण २१ नव्हे, १८.५४ टक्के, म्हणजे ग्रॅममागे सुमारे १८५ मिलिग्रॅम. खाण्याच्या पदार्थात मात्र टक्के सोडा आणि एका तुकड्यात किती मिलिग्रॅम ते पाहा. मिश्रण नीट घोटलेलं नसेल, तर एका तुकड्यात कमी आणि शेजारच्यात दुप्पट असं होतं. असर चढायला दोन तासही लागतात, तोवर दुसरा तुकडा घेऊ नका.

कीटकनाशकांचा तक्ता सावकाश वाचा. मायक्लोब्यूटानिल हे बुरशीनाशक फळबागांत वापरतात, पण ते जळलं की हायड्रोजन सायनाइड तयार होतो. खाण्यात चालणारी मर्यादा ओढण्यात चालत नाही, ती याच कारणाने.

शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा हे जड धातू झाड मातीतून शोषून घेतं. व्हेप (तेलाची वाफ ओढायचं उपकरण) कार्ट्रिजच्या धातूच्या भागांतूनही शिसं तेलात उतरतं. म्हणून चाचणी कार्ट्रिजमध्ये भरलेल्या तेलाची हवी, भरण्यापूर्वीच्या नव्हे. अर्कात तो काढताना वापरलेले ब्युटेन, हेक्झेनसारखे द्रावक किती उरलेत तेही पाहा. व्हेपमध्ये व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटची चाचणी झालेली असावी. २०१९ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या फुप्फुसांच्या गंभीर आजाराशी त्याचा घट्ट संबंध आढळला होता.

फुलाची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी (बुरशीला वापरता येणारा ओलावा) ०.६५ च्या खाली हवी, नाहीतर डब्यात बुरशी धरते. अ‍ॅस्परजिलस (एक बुरशी) आढळला तर तो माल घेऊच नका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याने फुप्फुसांचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. किरणोत्सर्गाने बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेलं विष मागे राहतं. त्यामुळे मायकोटॉक्सिनची, म्हणजे या विषाची ओळ वेगळी तपासा.

शेवटी ‘एनडी’ आणि ‘एनटी’ यांत गल्लत करू नका. एनडी म्हणजे शोधलं, पण सापडलं नाही. तेही शेजारी दिलेल्या शोधमर्यादेपुरतंच. एनटी म्हणजे शोधलंच नाही.