दहा मिनिटांत गारेगार ग्रीन टी
मे महिन्यात लोकलमधून घामाघूम होऊन घरी आलं की गरम चहा नकोसा होतो. तेव्हा हे करा. पाणी उकळल्यावर गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा; खळखळत्या पाण्यात ग्रीन टी कडू होतो आणि तो कडूपणा मग बर्फानेही जात नाही. अर्धा कप पाण्यात दोन टी-बॅगा, फक्त दोन मिनिटं. पिळू नका, नुसत्या उचला. साखर गरम असतानाच विरघळवा. स्टीलचा पेला बर्फाने काठोकाठ भरा आणि चहा हळूहळू ओता. बर्फ तडतडतो, पेल्याला बाहेरून दव धरतं. वितळलेल्या बर्फाने चहा बेताचा होतो, म्हणूनच तो आधी दाट करायचा. वर अर्धं लिंबू, असला तर चुरडलेला पुदिना.