सकाळी उठलं की अंगावर गांध्या? आधी गादीची शिवण बघा

रात्री काहीच जाणवत नाही अन् सकाळी हातावर, मानेवर लाल गांध्या, तेही एका ओळीत तीन-चार, तर डासाला शिव्या देत बसू नका, बहुतेक ढेकूणच असतात. डास कुठंही एकेक चावतो, पिसवा बहुतेक घोट्याच्या आसपास चावतात, घरात कुत्रं-मांजर असलं तर जास्तच. ढेकणाचं अवघड असं की कधीकधी गांधी दोन-चार दिवसांनी उठते, म्हणून माणूस भलतीकडंच शोधत बसतो.

रात्री दोन-तीनला मोबाईलची बॅटरी लावून गादीची शिवण उलगडून बघा, मसुरीच्या डाळीएवढे चपटे तपकिरी किडे, शाईचा ठिपका पडावा तसे काळे डाग अन् चादरीवर वाळलेलं रक्त. आमच्याकडं तर बाजेच्या नवारीत अन् खुरांच्या खाचेत सापडले, पुण्याहून स्लीपर बसनं आणलेल्या बॅगेतून आले असणार.

बाज अंगणात काढून खाचांत उकळतं पाणी ओतलं, चादरी गरम पाण्यात धुतल्या. वाकळ, गादी मे महिन्याच्या उन्हात टाकली पण नुसतं ऊन पुरत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो, म्हणून काळ्या प्लॅस्टिकमधी गुंडाळून पत्र्यावर ठेवा, दुपारी उलटी करा. अंडी उरतातच, दहा-पंधरा दिवसांनी परत सगळं करा.

अन् कापसावर मारायचं औषध गादीवर मारू नका हो, लोक खरंच मारतात!