नवतपासाठी सावली : नागपूरच्या रस्त्याकडेला झाड कसे लावावे

दरवर्षी २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की नागपुरात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, आणि त्याच आठवड्यात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. रस्त्याकडेला सावलीचे झाड लावण्याचा बेत याच नऊ दिवसांवर नजर ठेवून आखावा. नवतपात दुपारी तीन वाजता माणसे जिथून चालतात, भाजीची हातगाडी जिथे उभी राहते किंवा शाळेची रिक्षा जिथे थांबते, तिथे सावली पडत नसेल, तर ते झाड जगले तरी गल्लीच्या तापमानाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. आपल्याकडे मात्र लावलेल्या रोपांची संख्या मोजली जाते, आणि ती मोजण्याचा दिवस ५ जून, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन, असतो.

झाडामुळे गारवा दोन प्रकारे मिळतो. डांबर, सिमेंटचा रस्ता आणि पश्चिमेकडील भिंत दिवसभर ऊन पिऊन रात्री उशिरापर्यंत ती उष्णता बाहेर टाकत राहतात, म्हणून सावलीचे पहिले काम हे ऊन तिथवर पोहोचू न देणे हे आहे. दुसरे काम पानांतून निघणाऱ्या बाष्पाचे आहे, कारण एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे २,४०० किलोजूल, म्हणजे साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता आसपासच्या हवेतून आणि पानांतून शोषली जाते. मात्र मुळांशी ओल नसेल तर झाड आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रे, मिटून घेते आणि हे दुसरे काम थांबते, म्हणून पाण्याची सोय नसताना गारव्याचा हिशोब केवळ सावलीवरच करावा.

जागा निवडताना दिशेकडे लक्ष द्यावे. मेअखेर नागपुरात दुपारी तीन वाजता सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला आणि क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर असतो, त्यामुळे सहा मीटर उंचीच्या झाडाची सावली पूर्वेकडे पाचेक मीटरपर्यंत पोहोचते, तर साडेचारला ती दहा मीटरच्या पुढे जाते. याचा अर्थ असा की, उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गल्लीत पूर्वेकडच्या पदपथाला झाडाची गरज आधी आहे. पश्चिमेकडच्या पदपथावर तिथल्या घरांची सावली तिसऱ्या प्रहरी आपोआप येते, आणि पूर्वेच्या बाजूला चालणारा माणूस मात्र समोरून येणारे ऊन आणि मागची तापलेली भिंत यांच्यामध्ये सापडतो. पूर्व-पश्चिम रस्त्यावर ऊन रस्त्याच्या लांबीने येत असल्यामुळे एकट्या झाडाने भागत नाही, तिथे एकमेकांना भिडणारी रांगच हवी. शंका असल्यास मे महिन्यात दुपारी तीनला त्या जागी सहा-सात फुटांचा बांबू उभा धरावा आणि सावलीचे टोक खडूने आखून घ्यावे. हा दहा मिनिटांचा उद्योग पुढच्या वीस वर्षांची चूक वाचवतो.

झाडाची जात निवडताना लोक फुलांकडे पाहतात, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. बहावा, पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे देखणी खरी, परंतु उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत त्यांच्यावर पाने कमी असतात किंवा नुकती फुटत असतात. गुलमोहरही मे महिन्यात फुलांनी लाल झालेला असला तरी त्याची पालवी विरळ असते, शिवाय त्याचे लाकूड ठिसूळ असून पावसापूर्वीच्या वादळात त्याच्या फांद्या गाड्यांवर कोसळतात. झाडाचे पानांचे वेळापत्रक विचारात घ्यायचे तर कडुनिंबासारखे झाड मिळणे कठीण आहे. त्याची पानगळ माघ-फाल्गुनात उरकते, गुढीपाडव्याला आपण जी कोवळी पालवी गुळासोबत खातो ती तोवर आलेली असते, आणि वैशाखात झाड पूर्ण डवरते. करंजाचेही तसेच असून एप्रिलमधील नवी पालवी मेपर्यंत गर्द होते, आणि विदर्भाचे ऊन तो निमूटपणे सोसतो. चिंच सावकाश वाढते, परंतु तिच्याखालचा गारवा ज्याने अनुभवला आहे त्याला तिची बाजू मांडावी लागत नाही. जांभूळ बारमाही हिरवे असते. मात्र जूनमध्ये त्याखाली उभ्या केलेल्या पांढऱ्या मोटारीचे काय होते हे मालकाने आधीच समजून घ्यावे. अरुंद पदपथासाठी बकुळ उत्तम आहे, पण ते संथ वाढणारे झाड असल्यामुळे सावलीसाठी धीर धरावा लागतो. वड, पिंपळ आणि उंबर यांना मैदान, उद्यान किंवा नाल्याचा रुंद काठ द्यावा, कारण भिंती आणि गटारे यांच्याशी त्यांच्या मुळांचे जमत नाही. झटपट हिरवळीच्या मोहाने कोनोकार्पस हे परदेशी झाड मात्र लावू नये; गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

सार्वजनिक पदपथावर खड्डा खणण्यापूर्वी महानगरपालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी आणि जलवाहिनी, मलवाहिनी व विजेची केबल कुठून जाते याची चौकशी करावी. वर तारा असतील तर मोठे झाड तिथे नकोच, कारण पुढे दरवर्षी त्याचा शेंडा छाटला जाईल आणि सावलीऐवजी बुंध्यावर झाडूसारखा फुटवा उरेल. एकदा वाढलेले झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार परवानगी लागते, तेव्हा जागेचा विचार आताच केलेला बरा.

खड्डा एप्रिल-मे महिन्यांत, साधारण तीन फूट लांब, रुंद आणि खोल असा खणून उन्हात तापू द्यावा. नागपूरच्या पश्चिम भागात बसाल्टवरची काळी माती व मुरूम आढळतो आणि काळ्या मातीत एक सापळा असतो: खड्ड्याच्या कडा फावड्याने गुळगुळीत झाल्या की पावसाळ्यात तो हौदासारखा भरून राहतो आणि रोपाची मुळे कुजतात. म्हणून सब्बल घेऊन कडा जागोजागी फोडाव्यात. खड्डा भरताना निघालेल्या मातीत साधारण एक चतुर्थांश चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि वाळवीचा त्रास असेल तर थोडी निंबोळी पेंड घालावी. निव्वळ खताने खड्डा भरण्याचा उत्साह टाळावा, कारण खत कुजून खाली बसते आणि रोप खड्ड्यात जाते. आमच्या गल्लीत बांधकामाचा राडारोडा ज्या खड्ड्यांत गेला, तिथली रोपे पहिल्या हिवाळ्यापर्यंतच टिकली, असा माझा अनुभव आहे.

रोप सहा ते आठ फूट उंच आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या बुंध्याचे असावे, म्हणजे शेळ्यांच्या तोंडून ते वाचते. रोपवाटिकेत पिशवी दाबून पाहावी. मुळे पिशवीत गोल गुंडाळलेली असतील तर उंची पाहून भुलू नये, कारण तशी मुळे पुढेही स्वतःभोवतीच फिरतात आणि झाड मोठे झाल्यावर वाऱ्याने उन्मळते. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, म्हणजे बहुधा जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैमध्ये, काळी पिशवी पूर्णपणे काढून रोप लावावे, बुंध्याचा जमिनीशी जुळणारा भाग मातीखाली गाडू नये आणि बांबूला सैल गाठीने आधार द्यावा.

खरी परीक्षा पुढच्या तीन उन्हाळ्यांची असते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून तीन वेळा पंधरा-वीस लिटर पाणी संध्याकाळी सावकाश द्यावे. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या खेपा कमी करून प्रत्येक वेळी अधिक पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. तिसऱ्या वर्षी आठवड्यातून एक भरपूर पाणी सहसा पुरते. वाढत्या झाडाचे आळेही बुंध्यापासून दूर सरकवत न्यावे. तळाशी बारीक भोक पाडून वात बसवलेला मातीचा माठ रोपाशेजारी पुरून भरत राहिल्यास पाणी वाया जात नाही. काळी माती उन्हाळ्यात फाटून बारीक मुळे तोडते, त्यामुळे आळ्यात चार बोटे जाडीचे वाळक्या पाल्याचे आच्छादन ठेवावे आणि ते बुंध्याला चिकटू देऊ नये. कूलरच्या टाकीतील शिल्लक पाणी झाडाला घालण्याची पद्धत घरोघरी आहे. ते अधूनमधून चालते, परंतु बाष्पीभवनामुळे त्यात क्षार साचलेले असतात, म्हणून रोज तेच घालू नये. हीच गोष्ट घरगुती शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही लागू होते.

छाटणीची घाई करू नये, कारण खालच्या फांद्या पहिली दोन वर्षे बुंधा जाड करतात. नंतर दरवर्षी थोड्याथोड्या खालच्या फांद्या काढत छत पदपथावर अडीच मीटरपर्यंत आणि रस्त्याच्या बाजूने साडेचार मीटरच्या वर न्यावे, मात्र एका वर्षी पाव भागाहून अधिक पर्णसंभार कमी करू नये. बुंधा जाळीला टेकण्याआधी लोखंडी जाळी काढावी, अन्यथा ती लाकडात रुतते. रस्त्याचे काम निघाले की कंत्राटदाराची माणसे बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा गट्टू आणतात. त्या दिवशी हजर राहून बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवण्याचा आग्रह धरावा, आणि गरज पडल्यास उद्यान विभागाकडे लेखी तक्रार करावी. दिल्लीतील झाडांभोवतीचे इतक्याच अंतरातील काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिला होता, त्याचा दाखला तक्रारीत जोडता येतो.