हात कुठे थबकला? इंटरॅक्टिव्ह कथा लिहिणाऱ्यांनी गेम कसे खेळावेत

माझ्या वहीत एका पानावर एवढंच लिहिलंय : "बाईकडे प्रवेशाचा परवाना नाही. नवरा आत्ताच पुढे गेलाय. शिक्का हातात. वीसेक सेकंद हात हलला नाही." वर गेमचं नाव : पेपर्स, प्लीज.

लुकस पोपने २०१३ साली केलेला हा गेम. काळ १९८२, एक काल्पनिक देश, आणि आपण सीमाचौकीवरचे तपासनीस. येणाऱ्याचे कागद बघायचे, हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. एक नवरा येतो, त्याचे कागद चोख. जाता जाता सांगतो, मागून माझी बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. बायकोकडे परवाना नसतो. त्या वीस सेकंदांनी माझी तीन महिने अडकलेली कथा सोडवली. ती कशी सुटली ते सांगितलं की माझी पद्धत आपोआप सांगून होईल.

मी सांगलीत राहते, शाळेत गणित शिकवते आणि मराठीत इंटरॅक्टिव्ह कथा लिहिते. वाचणाऱ्याने मध्ये मध्ये निवड करायची आणि कथा त्याप्रमाणे सरकायची. अडकलेली कथा ऑगस्ट २०१९ च्या पुराची होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातलं एक घर, एक अरुंद जिना, रात्रीची वेळ. माडीवर काय काय न्यायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं. गव्हाचं पोतं, कागदपत्रांची पेटी, देव्हारा, शिलाई मशीन असे पर्याय मी मांडले होते. ज्यांना वाचायला दिलं ते भराभर बोट टेकवत पुढे जात होते. कुणी क्षणभर थांबत नव्हतं. पूर येतोय आणि वाचणारा थांबत नाही, म्हणजे माझ्या लिहिण्यात काहीतरी मूलभूत चुकलं होतं.

माझा हात का थांबला होता? त्या गेममध्ये दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते. तिसऱ्या चुकीपासून पगार कापला जातो, आणि संध्याकाळी त्याच पगारातून घरभाडं, जेवण आणि घर गरम ठेवण्याचा खर्च भागवायचा असतो. म्हणजे दया दाखवता येते, पण ती मोजून मिळालेली आहे. बाईला आत सोडलं तर दोनांतली एक सवलत संपली. पुढे आणखी कोण येणार आहे ते माहीत नाही.

मी कथेत जिन्याच्या सात फेऱ्या ठेवल्या. पहिल्या दोन कोरड्या. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक वेळी खाली राहिलेली एक वस्तू पाण्यात जाते, आणि कुठली जाणार ते आधी कळत नाही. पर्याय तेच, वाक्यं जवळजवळ तीच. आठवड्यात कथा उभी राहिली आणि वाचणारे थांबायला लागले.

खेळायला बसण्याआधी

आधी आपली अडचण एका वाक्यात लिहा. "प्रेरणा हवी" ही अडचण नाही. "वाचणाऱ्याने पुराव्यावरून स्वतः निष्कर्ष काढायला हवा, पण तो अंदाजाने ठोकत सुटतो" ही अडचण आहे, आणि तिच्यासाठी रिटर्न ऑफ द ओब्रा दिन (२०१८) खेळायला हवा. जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं ते तिथे शोधायचं असतं, आणि तीन उत्तरं बरोबर आली की मगच गेम ती पक्की करतो. एकेक उत्तर तपासून बघता येत नाही, त्यामुळे ठोकाठोकी करण्यात अर्थ उरत नाही. ही युक्ती रहस्यकथेत शब्दांवरच उभी करता येते, चित्रांची गरज नाही.

"माहिती तुकड्यातुकड्यांनी कशी द्यायची" असं असेल तर हर स्टोरी (२०१५). एका बाईच्या पोलीस जबाबांचे व्हिडिओ, त्यांत आपण शब्द टाकून शोधायचं, आणि एका शब्दाला पहिले पाचच तुकडे दिसतात. तो करणारे सॅम बार्लो मूळचे आपल्याच वाटेवरचे. १९९९ मध्ये त्यांनी आइल नावाची मजकुराची गोष्ट केली होती : वाचणाऱ्याने एकच आज्ञा द्यायची, की गोष्ट संपली. मग पुन्हा सुरुवात. कथा आणि गेम यांच्यामध्ये भिंत नाही हे मला या माणसाच्या कामातून पटलं.

शक्यतो संपणारे गेम निवडा. याचं कारण पुढे येईल.

वहीत काय लिहायचं

फुलस्केप वही, पानावर उभे तीन रकाने. पहिल्या रकान्यात हात कुठे थबकला, दुसऱ्यात त्या क्षणी मनात काय आलं, तिसऱ्यात गेमने ते कशाने घडवलं. तिसरा रकाना खेळताना भरायचा नाही, दुसऱ्या दिवशी भरायचा. चित्रं सुंदर आहेत, संगीत छान आहे, हे लिहू नका. आपल्याला ते वापरता येणार नाही.

माझ्या वहीतली दुसरी नोंद केंटकी रूट झीरो या गेमची आहे. सुरुवातीलाच एक म्हातारा, आपण ज्याच्या भूमिकेत असतो त्या ट्रकवाल्याच्या कुत्र्याचं नाव विचारतो आणि आपण तीन उत्तरांतलं एक निवडायचं. कथानकाला काडीचाही फरक पडत नाही. तरी मी थबकले, कारण निवडलेल्या उत्तरावर तो ट्रकवाला माझ्यासाठी कसा माणूस आहे ते ठरणार होतं. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं : "काय होणार हे विचारत नाही, तू कोण हे विचारतो."

हे मराठीत आणण्यासाठी मला वेगळं काही शोधावं लागलं नाही, आपल्याकडे हाक मारण्यातच सगळं असतं. पुराच्या कथेत जिन्याखालून वरच्या म्हाताऱ्या बाईंना हाक मारायची आहे. पर्याय तीन : "आई!", "अहो आई!", "काकू!" पहिला निवडला की आपण तिचं मूल, दुसऱ्याने सून, तिसऱ्याने भाडेकरू. एका हाकेत नातं ठरलं, आणि पुढे शिलाई मशीन कुणाचं आहे तेही.

दुसऱ्यांदा खेळताना

पहिल्यांदा मनापासून खेळा. दुसऱ्यांदा प्रत्येक ठिकाणी उलटा पर्याय घ्या आणि कागदावर नकाशा काढा : वाट कुठे फुटली, कुठे परत मिळाली.

गणिताची शिक्षिका म्हणून एक हिशेब सांगते. दोन दोन पर्यायांच्या दहा निवडी, आणि वाटा कधीच एकत्र आल्या नाहीत, तर शेवट होतात १,०२४. प्रत्येक शेवट दोनशे शब्दांचा धरला तरी नुसत्या शेवटांचे २,०४,८०० शब्द, आणि एका वाचणाऱ्याच्या वाट्याला त्यातले दोनशे. नवीन लिहिणारे बहुतेक सगळे याच खड्ड्यात कथा सोडून देतात. माझ्या पहिल्या दोन कथा अशाच अर्धवट पडल्या आहेत.

नकाशा काढला की दिसतं, अनुभवी मंडळी वाटा फोडतात, थोडं अंतर वेगळं नेतात आणि वेणीसारख्या परत गुंफतात. मात्र काय निवडलं ते लक्षात ठेवतात. २०१२ च्या द वॉकिंग डेड या गेममध्ये काही बोललं की पडद्यावर ओळ येते, क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल. वाट पुढे एकत्र येते, पण लहान मुलगी आपल्याकडे बघतेय ही जाणीव सुटत नाही. तुमच्या कथेत यासाठी एक व्हेरिएबल, म्हणजे निवड लक्षात ठेवणारा एक कप्पा, पुरतं. देव्हारा खाली राहिला असेल तर सकाळच्या प्रसंगात एकच वाक्य बदला. प्रसंग दुसऱ्यांदा लिहू नका.

साधनांबद्दल थोडक्यात. मी ट्वाइन हे अशा कथा बांधायचं सॉफ्टवेअर वापरते. क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये काढलेलं, फुकट आहे. त्यातून एचटीएमएल फाइल मिळते, म्हणजे फोनच्या ब्राउझरमध्ये देवनागरी नीट दिसतं. व्हेरिएबलची नावं रोमन लिपीत ठेवा. झॉर्कसारख्या जुन्या खेळांत वाचणारा स्वतः आज्ञा टाइप करायचा. मराठीत ते फार अवघड, कारण "दिवा" आणि "दिव्याला" हे एकच आहेत हे यंत्राला शिकवावं लागतं. निवडीच्या कथांत हा प्रश्नच येत नाही.

जे कुठलाच इंग्रजी गेम शिकवणार नाही

इथे जरा रेंगाळते, कारण मी सर्वांत जास्त वेळ इथेच घालवला आहे.

इंग्रजीत वाचणाऱ्याला "तू" म्हणून गोष्ट सांगता येते, तो पुरुष की बाई हे वाक्यात येतच नाही. मराठीत "तू खाली गेलास" लिहिलं की निम्म्या वाचकांना दार बंद. एकामागोमाग इंग्रजी गेम खेळून मी लिहायला बसायचे तेव्हा अशी वाक्यं आपसूक यायची आणि नंतर सगळी मोडावी लागायची. उपाय आपल्याच व्याकरणात आहे. भूतकाळात कर्म असलं की क्रियापद बहुधा कर्माप्रमाणे चालतं : "मी पेटी उचलली", "मी दार उघडलं". बोलणारं कोण ते कळत नाही. "मी जिना उतरले" ऐवजी "मी पायरीवर पाय टेकवला". पिणे, बोलणे, विसरणे, शिकणे यांच्यापासून सावध राहा. "मी पाणी प्यायलो" म्हटलं की लिंग उघडं पडलं. "तुम्ही गेलात" चालतं, पण "तुम्ही" मुळे वाचणारा पाहुण्यासारखा ओसरीवर बसतो. संकटाच्या प्रसंगात मला तो घरात हवा असतो.

दुसरी गोष्ट क्रियापदाच्या जागेची. इंकल या कंपनीचा ८० डेज (२०१४) मी फोनवर खेळले. त्यात पाच लाखांहून जास्त शब्द आहेत, आणि आपण निवडलेला तुकडा पुढच्या वाक्यात बेमालूम मिसळतो. तसंच मराठीत करताना लक्षात आलं की आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि ही आपली जमेची बाजू आहे. "मी देव्हाऱ्यातली मूर्ती" इथे वाक्य थांबवायचं. खाली तीन पर्याय : "पदरात घेतली", "तिथेच ठेवली", "पाण्यात सोडली". वस्तू हातात आलेली आहे, कृती अजून व्हायची आहे. (आता पदर आला म्हणजे बाई आली. मग ते "उराशी धरली" केलं.)

पुण्यात तयार झालेला राजी (२०२०) मी लेकीबरोबर खेळले. मारामारीचा गेम, निवडीच्या दृष्टीने माझ्या फार उपयोगाचा नाही. पण त्यात दुर्गा आणि विष्णू वरून राजी नावाच्या त्या मुलीबद्दल आपसांत बोलत राहतात, ती धडपडत असताना. दोन निवेदकांची ही कल्पना वहीत आहे, पुढच्या कथेसाठी.

वेळेचं काय

खेळण्याने लिहिणं वाढतं का? माझा अनुभव असा की खेळल्यानंतर लगेच वीस मिनिटं लिहिलं तर वाढतं, नाही तर घटतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शेतीच्या एका गेममध्ये गुंतले. पात्र रात्री झोपलं की मगच खेळ सेव्ह व्हायचा आणि डोळे उघडले की दुसरा दिवस समोर. थांबायची जागा हीच सुरुवातीची जागा. साडेचार आठवडे गेले आणि कथा ३,१०० शब्दांवर होती तिथेच राहिली. सुट्टी वर्षातून एकदाच मिळते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासूनचा नियम : शनिवारी रात्री, जास्तीत जास्त दोन तास. हा आकडा मी आयएफकॉम्पवरून घेतला. १९९५ पासून दरवर्षी होणाऱ्या या इंटरॅक्टिव्ह कथांच्या स्पर्धेत परीक्षकाने पहिल्या दोन तासांच्या वाचनावरच गुण द्यायचे असतात. एखादी रचना कळायला दोन तास पुरतात. दोन तास झाले की गेम जिथे असेल तिथे बंद, आणि झोपण्याआधी वहीतल्या एका नोंदीवरून स्वतःच्या कथेतला एकच प्रसंग लिहायचा, कच्चा का असेना. रविवारी पहाटे तो नीट करायचा. लिहिण्याआधी खेळायचं नाही. मी ते करून बघितलं आहे, वाक्यं तुटक होतात, पात्रं नुसत्या सूचना द्यायला लागतात.

आणि शेवटची पायरी : दुसऱ्याला आपली कथा खेळताना बघा. काही विचारू नका, काही समजावू नका, फक्त अंगठ्याकडे लक्ष ठेवा आणि तीन रकाने भरा.

माझी आत्या गावभागात राहते, २०१९ मध्ये दोन रात्री माडीवर होती. तिला फोन दिला. देव्हाऱ्यापाशी ती थांबेल असं मला वाटलं होतं, तिने तो पहिल्याच फेरीत वर नेला. कागदपत्रं नेली, गहू सोडून दिला. चौथ्या फेरीला अंगठा थांबला. यादी वर गेली, खाली आली, परत वर गेली.

"काय शोधतेस, आत्या?"

"कळशी कुठाय गं? घरभर पाणी होतं आणि प्यायला घोट नव्हता. तू कळशीच ठेवली नाहीस."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी यादीत भरलेली कळशी घातली. ती न्यायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे त्या फेरीत दुसरं काहीच नेता येत नाही. आणि ती फक्त पहिल्या दोन फेऱ्यांत मिळते, त्यानंतर तिच्यात पुराचं पाणी शिरलेलं असतं.