सिडकोतली शाळा: नववीत नको, आठवीपर्यंत या

चांदवडजवळच्या गावातून मी नाशिकला सिडकोतल्या शाळेत आलो तो थेट नववीत. पप्पा अंबडच्या एका कंपनीत पर्मनंट झाले आणि जूनमध्ये बिऱ्हाड हललं. धाकटी बहीण माझ्याबरोबरच आली, पण सातवीत. दोघांची शाळा एकच, फाटक एकच, तरी तिचं सगळं सुरळीत झालं आणि माझं दोन वर्षं अडखळत गेलं.

शाळेचं नाव घेत नाही. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक या पट्ट्यात अनुदानित मराठी शाळा शोधायला लागत नाहीत. संस्था खासगी, शिक्षकांचा पगार सरकारचा, त्यामुळे फी किरकोळ. आमची शाळा दोन अधिवेशनांत भरायची. सकाळची पोरं सुटताना आणि दुपारची आत शिरताना फाटकात जी रेटारेटी व्हायची, तिची पहिला आठवडाभर धास्तीच वाटायची. वर्गात साठ-पासष्ट डोकी. बऱ्याच जणांचे वडील अंबड-सातपूरच्या शिफ्टला, म्हणून पालकसभेला आयाच जास्त. जे बाप यायचे ते कंपनीच्या गणवेशात, रात्रपाळीचे लाल डोळे घेऊन. मधल्या सुट्टीत अहिराणी इतकी कानावर पडायची की दिवाळीपर्यंत मलाही समजायला लागली.

आता आठवीचं सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. तिथवर पाठ्यपुस्तकं फुकट, दुपारची खिचडी, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. नववीत हे छत्र जातं. माझा दाखला गावी अडकला आणि मी अठरा दिवस घरी बसलो. तोवर बीजगणिताचे दोन धडे उरकले होते.

खरी हुकलेली गोष्ट म्हणजे एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप), बेताच्या उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. ही परीक्षा फक्त आठवीत देता येते, तीही सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतल्याच मुलांना. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत किमान ५५ टक्के. अनुसूचित जाती-जमातींना त्यात सवलत आहे. पेपर दोन: बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, प्रत्येकी ९० प्रश्न. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि अकरावीत चालू राहायला दहावीत ६० टक्के लागतात. बहीण यादीत आली. आमच्या घरी क्लासची फी हा विषयच तेव्हापासून बंद झाला. मी मात्र परीक्षेचं नावच नववीत ऐकलं. गावच्या शाळेत कुणी फॉर्म भरलाच नव्हता, हे अजूनही टोचतं.

चित्रकलेला हसू नका. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण जादा, ब ला ५, क ला ३. बहुतेक पोरं आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट उरकून टाकतात, कारण दहावीत ब्रश धरायला कुणाला वेळ असतो?

सेमी इंग्रजी, म्हणजे मराठी शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीतून, घ्यायचं की नाही, यावर प्रत्येकाचा काका काहीतरी सांगतो. माझं मत एवढंच: गणित-विज्ञान आधी मराठीतून शिकला असाल तर नववीत उडी मारू नका. मी मारली. 'डिनॉमिनेटर' म्हणजे आपला छेद, हे कळेपर्यंत पहिली घटक चाचणी होऊन गेली होती.

शेवटचं काम ऑफिसातलं, आणि पालक नेमकं तेच टाळतात. प्रवेश झाला की क्लार्कमॅडमकडे जाऊन जनरल रजिस्टरमधली, म्हणजे ज्यावरून दाखला बनतो त्या शाळेच्या नोंदवहीतली, नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, जन्मगाव, तालुका, सगळं. मुलगा शाळेत आहे तोवर कागद दाखवून दुरुस्ती होते. दहावी होऊन दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती फार जड जाते. जात पडताळणीच्या वेळी हाच दाखला पुढे ठेवावा लागतो. पप्पांना सुट्टी मिळत नव्हती, मला लाज वाटत होती, म्हणून आम्ही गेलो नाही. माझ्या दाखल्यावर जन्मगावाचा तालुका चांदवडऐवजी अजून निफाडच आहे.